दप्तरातील शब्दांचा शोध व पालट

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या दप्तरात शेतकऱ्यांच्या याद्या, बियाण्यांची मागणीपत्रके, पीकसंरक्षणाची टिपणे व सभांच्या सूचना यांचा मोठा संग्रह असतो. पूर्वी हा संग्रह रुमालांत बांधून फडताळात ठेवीत. आता तो बहुतांशी संगणकातील फायलींत साठविलेला असतो. कागदावरील एखादे नाव बदलावयाचे झाले, तर तांबड्या शाईची रेघ ओढून वर नवे नाव लिहिले म्हणजे काम भागत असे. संगणकातील शेकडो फायलींत विखुरलेले नाव बदलावयाचे तर एकेक फाईल उघडून बसणे परवडण्यासारखे नसते, आणि थकलेल्या डोळ्यांतून काही नावे निसटतातच.

असा प्रसंग महाराष्ट्रात वारंवार येतो. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. १९७२ साली दापोली येथे स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठास २००१ साली डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. त्याच वर्षी तलाठी या पदास ग्राम महसूल अधिकारी हे नाव मिळाले, आणि २०२५ साली कृषी सहायक हे पद सहायक कृषी अधिकारी या नावाने ओळखले जाऊ लागले. म्हणजे या पत्रिकेच्या अनेक वाचकांना स्वतःचेच पदनाम आपल्या सर्व कागदपत्रांतून बदलावे लागले आहे.

या कामासाठी संगणकात दोन जुन्या व भरवशाच्या आज्ञा आहेत. शब्द शोधणारी आज्ञा ‘ग्रेप’ आणि शब्द पालटणारी आज्ञा ‘सेड’. दोन्ही अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मास आल्या. केन थॉम्प्सन यांनी १९७३ च्या सुमारास ग्रेप लिहिली व त्यानंतर लवकरच ली मॅकमोहन यांनी सेड तयार केली. लिनक्स पद्धतीच्या सर्व संगणकांत त्या आयत्याच असतात. सी-डॅक संस्थेने सिद्ध केलेल्या ‘बॉस’ प्रणालीतही त्या आहेत. विंडोज वापरणाऱ्यांस लिनक्सची जोडप्रणाली त्यात बसवून घ्यावी लागते. या आज्ञा खिडक्या व चित्रे यांच्या साहाय्याने न देता, काळ्या पडद्यावरील एका ओळीत टंकित करून द्यावयाच्या असतात. प्रथम हे अवघड वाटते; परंतु चार-सहा दिवसांच्या सरावाने हात बसतो.

पुढील आज्ञांतील इंग्रजी अक्षरे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. यंत्रावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करावीत: ग्रेप म्हणजे जी, आर, ई, पी ही चार अक्षरे व सेड म्हणजे एस, ई, डी ही तीन. एकेरी अवतरणचिन्हांतील मराठी शब्द मात्र मराठीतच लिहावयाचे असतात.

आधी शोध

खांदा कॉलनी ही सिडकोने वसविलेल्या नवीन पनवेलच्या पश्चिम भागातील वसाहत होय. २०१६ साली पनवेल महानगरपालिका स्थापन झाली व ही वसाहत तिच्या हद्दीत आली. परंतु पनवेल तालुक्याच्या उरलेल्या भागात भातशेती व खारजमिनी आहेतच, आणि वसाहतीत राहून गावाकडील जमीन कसणारी कुटुंबेही आहेत. समजा, तेथील एका कार्यकर्त्याजवळ सभासद शेतकऱ्यांच्या पत्त्यांच्या याद्या आहेत. कोणी ‘खांदा वसाहत’ लिहिले आहे, कोणी ‘खांदा कॉलोनी’, कोणी नुसते ‘खांदा’. सर्वत्र ‘खांदा कॉलनी’ असे एकरूप लेखन त्यास करावयाचे आहे. त्याने प्रथम पुढील आज्ञा द्यावी.

ग्रेप -आर -एन 'खांदा' दप्तर

येथे ‘दप्तर’ हे कप्प्याचे नाव आहे. ‘आर’ या अक्षरामुळे त्या कप्प्यातील सर्व उपकप्पे धुंडाळले जातात व ‘एन’ मुळे ओळीचा क्रमांक मिळतो. पडद्यावर फाईलचे नाव, ओळीचा क्रमांक व ती ओळ अशी यादी उमटते. ही आज्ञा काहीही बदलीत नाही, केवळ दाखविते. म्हणून ती कितीही वेळा द्यावी.

ती यादी वाचली असता पहिली अडचण समोर येते. पत्त्यांबरोबरच पशुसंवर्धनाच्या टिपणातील ‘बैलाचा खांदा सुजल्यास त्यास जोतास जुंपू नये’ ही ओळही त्यात येते. यंत्रास गाव व बैलाचा अवयव यांतील भेद कळत नाही. ते अक्षरे जुळवून पाहते, एवढेच. नुसता ‘खांदा’ शब्द पालटण्याची आज्ञा दिली असती, तर ‘बैलाचा खांदा कॉलनी सुजल्यास’ असे वाक्य छापून गावोगाव गेले असते. शिवाय ‘खांद्यावर’ हा शब्द या शोधात येतच नाही, कारण त्यात ‘खांदा’ ही अक्षरे त्या क्रमाने नाहीत. शोध अधिक रुंद करण्यासाठी ‘खांद’ एवढाच तुकडा दिला, तर पोळ्याच्या आदल्या दिवसाची खांदेमळणी, जवळचे खांदेश्वर रेल्वे स्थानक व केळीसाठी प्रसिद्ध असलेला खांदेश हेही एकाच पंक्तीस येऊन बसतात.

या शेवटच्या जोडीत एक छुपा खड्डा आहे. ‘खांदेश’ हा शब्द काहीजण ‘खानदेश’ असा लिहितात. लेखन एकरूप करण्याच्या हेतूने कोणी ‘खांदेश’ च्या जागी सर्वत्र ‘खानदेश’ घातले, तर ‘खांदेश्वर’ चे ‘खानदेश्वर’ होते. डोळ्यांना ‘श्व’ हे एकच जोडाक्षर दिसते; यंत्राच्या लेखी मात्र ते श, हलन्ताचे चिन्ह व व अशी तीन चिन्हे आहेत, आणि त्यांपैकी पहिल्यापर्यंतचा भाग ‘खांदेश’ शी तंतोतंत जुळतो. शब्दाची सीमा ओळखण्याची एक सोय या आज्ञांत आहे. परंतु देवनागरीच्या काना-मात्रांपाशी ती सर्व यंत्रांवर सारखी वागत नाही. तिच्यावर विसंबण्यापेक्षा आजूबाजूचे शब्द जोडून लांब तुकडा शोधणे श्रेयस्कर. ‘खांदा’ न शोधता ‘खांदा वसाहत’ शोधावे, म्हणजे बैल व स्थानक दोन्ही सुरक्षित राहतात.

‘पनवेल’ या शब्दाविषयी तर अधिकच सावधगिरी हवी. वसाहतीच्या पत्त्यात ‘पनवेल’ च्या जागी ‘नवीन पनवेल’ घालावयाचे ठरले, तर ‘ता. पनवेल’ हा तालुक्याचा उल्लेखही बदलेल आणि तो चुकीचा होईल. याहून गंभीर गोष्ट भाताच्या वाणाची. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे जे भाताचे वाण दिले, त्यांची नावे पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ अशी आहेत. सरसकट पालटाने त्यांचे ‘नवीन पनवेल-१’ होते. असे नाव टिपणात वाचून शेतकरी दुकानी गेला, तर त्यास ते बियाणे मिळणार नाही, कारण त्या नावाचा वाणच नाही. किंवा दुकानदार भलतेच काही नवे बियाणे पुढे करील. खाऱ्या पाण्याने भिजणाऱ्या जमिनीत साधा वाण पेरल्यावर काय होते, हे खाडीकाठच्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

मराठी शब्द व त्याची रूपे

इंग्रजी भाषेसाठी रचलेल्या या आज्ञा मराठीत वापरताना विभक्तीचा प्रश्न उभा राहतो. ‘अहमदनगर’ व ‘अहिल्यानगर’ ही दोन्ही नावे अकारान्त असल्याने ‘अहमदनगरला’ चे ‘अहिल्यानगरला’ बिनबोभाट होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पत्त्यातील ‘जि. अहमदनगर’ बदलण्यास म्हणून काही अडचण नाही. परंतु ‘कुलाबा’ शोधल्यास ‘कुलाब्यात’, ‘कुलाब्याचे’ ही रूपे हाती लागत नाहीत, आणि ‘तलाठी’ शोधल्यास ‘तलाठ्याकडे’ निसटते.

कृषी सहायकाच्या बाबतीत उलटी आपत्ती येते. ‘कृषी सहायक’ च्या जागी ‘सहायक कृषी अधिकारी’ घालण्याची आज्ञा दिली असता ‘कृषी सहायकाने’ या शब्दाचा पहिला भाग जुळतो व बदलतो. उरलेला काना व ‘ने’ तसेच मागे राहतात आणि ‘अधिकारी’ च्या दीर्घ वेलांटीपुढे एक निराधार काना लोंबत राहतो. निसटलेला शब्द निदान जुना असला तरी वाचता येतो. हा तर वाचताही येत नाही. उपाय असा की, सामान्यरूपाचा नियम आधी द्यावा व मूळ शब्दाचा मागाहून:

सेड 'एस/कृषी सहायका/सहायक कृषी अधिकाऱ्या/जी; एस/कृषी सहायक/सहायक कृषी अधिकारी/जी' सूचना.टीएक्सटी

पहिल्या नियमाने ‘कृषी सहायकाने’, ‘कृषी सहायकास’ व ‘कृषी सहायकांना’ ही सर्व रूपे नीट बदलतात, कारण अनेकवचनाचा अनुस्वार हे कान्यानंतरचे स्वतंत्र चिन्ह असल्याने ते जागच्या जागी टिकते. क्रम उलटा केल्यास मात्र पहिलाच नियम सर्वांस खाऊन टाकतो. काहीजण ‘सहाय्यक’ असे लिहितात. त्यासाठी हीच जोडी पुन्हा द्यावी लागते.

आज्ञेची रचना यावरून ध्यानात येईल. ‘एस’ म्हणजे पालट. पहिल्या दोन तिरप्या रेघांमध्ये जुना शब्द, पुढील दोहोंमध्ये नवा. शेवटचे ‘जी’ राहून गेले, तर प्रत्येक ओळीतील पहिलाच शब्द बदलतो व बाकीचे तसेच राहतात. नवशिक्यांची ही नेहमीची चूक होय. शेतीच्या कागदपत्रांत आणखी एक अडचण हटकून येते. ‘७/१२’ मध्ये स्वतःचीच तिरपी रेघ असल्याने यंत्राचा गोंधळ उडतो. अशा वेळी रेघेऐवजी दुसरे कोणतेही चिन्ह सीमेसाठी घेता येते: 'एस#७/१२#सातबारा#जी'. शोधावयाच्या भागातील टिंबाचाही अर्थ वेगळा आहे. तेथे टिंब म्हणजे ‘कोणतेही एक चिन्ह’. खरे टिंब हवे असल्यास त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी.

कधी कधी शब्द डोळ्यांसमोर असूनही शोधात सापडत नाही. याची कारणे बहुधा दोन असतात. जुनी टिपणे श्रीलिपी किंवा आयएसएम यांसारख्या पद्धतींच्या जुन्या टंकांत लिहिलेली असल्यास पडद्यावर मराठी दिसले तरी आत वेगळेच संकेत साठविलेले असतात. ती प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागतात. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धचंद्रासारखा रफार दोन प्रकारे साठविला जातो. एका प्रकारात त्यासाठी टिंब असलेला ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’ घेऊन हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. छापून आलेला शब्द एकच, पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द. अशा वेळी वाद नसलेला भाग, म्हणजे ‘शेतक’ एवढाच, शोधून यादी डोळ्यांखालून घालावी. ‘ॲप’ मधील ‘ॲ’ व मराठी-इंग्रजी आकडे यांतही असाच दुजाभाव आढळतो.

कोणते नाव बदलू नये

नवे नाव आले म्हणून जुने सर्वत्र पुसून टाकावे, हा समज बरोबर नाही. १९७५ सालच्या परिपत्रकात ‘कुलाबा जिल्हा’ असे लिहिले असेल, तर ते तसेच राहिले पाहिजे. त्या वर्षी रायगड जिल्हा नव्हताच. अलिबागच्या समुद्रातील किल्ला आजही कुलाब्याचाच आहे. आणि पर्जन्यमानाच्या टिपणांत येणारी ‘कुलाबा वेधशाळा’ ही मुंबईतील आहे. तिचे नाव ‘रायगड वेधशाळा’ असे बदलले गेले, तर मुंबईत मोजलेला पाऊस रायगडच्या शेतात पडल्याची नोंद होते, आणि त्या आकड्यांवरून पेरणीचा विचार करणारा शेतकरी फसतो.

शेतकऱ्यांच्या नावांना व खाते क्रमांकांना तर या पद्धतीने हातच लावू नये. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेसारखे अनुदान थेट बँक खात्यात जमा होते. यादीतील नाव आधारपत्रावरील नावाशी जुळले नाही, तर हप्ता अडकतो. अशी दुरुस्ती एकेका व्यक्तीचा कागद समोर ठेवूनच करावी. सातबाऱ्याची तर गोष्टच निराळी. त्यातील बदल फेरफार नोंदीनेच होतो. आपल्या संगणकातील प्रत बदलल्याने हक्क बदलत नाही, फक्त प्रत खोटी होते.

प्रत्यक्ष पालट

सेड आज्ञा जशी वर दिली आहे तशी दिल्यास बदललेला मजकूर केवळ पडद्यावर दिसतो; मूळ फाईल अबाधित राहते. ही मोठी सोय आहे. केवळ बदलणाऱ्या ओळीच पाहावयाच्या असतील, तर पुढीलप्रमाणे लिहावे.

सेड -एन 'एस/खांदा वसाहत/खांदा कॉलनी/जीपी' पत्ते.सीएसव्ही

उमटलेल्या ओळी मोजाव्यात व ग्रेपने ‘-सी’ हे अक्षर जोडून दिलेल्या संख्येशी ताडून पाहाव्यात. ही संख्या ओळींची असते, शब्दांची नव्हे. एका ओळीत तोच शब्द दोनदा असला तरी ती एकच धरली जाते. ओळी वाचून खात्री पटल्यावरच मूळ फाईल बदलावी:

सेड -आय.जुने 'एस/खांदा वसाहत/खांदा कॉलनी/जी' पत्ते.सीएसव्ही

‘आय’ मुळे फाईल जागेवरच बदलते आणि त्याला चिकटून लिहिलेल्या ‘.जुने’ या शेपटामुळे मूळ प्रत ‘पत्ते.सीएसव्ही.जुने’ या नावाने शेजारी जपली जाते. मध्ये रिकामी जागा सोडू नये. काहीजण ‘आय’ न वापरता, बाणाचे चिन्ह देऊन निष्पन्न मजकूर त्याच नावाच्या फाईलमध्ये लिहावयास सांगतात. तसे कदापि करू नये. यंत्र प्रथम ती फाईल रिकामी करते व मगच वाचावयास घेते, तेव्हा वाचावयास काही उरलेलेच नसते.

एकच आज्ञा चुकून दोनदा दिली गेल्यास काय होईल, याचाही विचार आधी करावा. ‘कोकण कृषी विद्यापीठ’ च्या जागी पूर्ण नाव घालण्याची आज्ञा दुसऱ्यांदा दिली, तर पूर्ण नावातही ते तीन शब्द असल्याने ‘डॉ. बाळासाहेब सावंत डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ’ असे होते. काही फायलींत नवे नाव आधीच असल्यास पहिल्या वेळीही हेच घडते. म्हणून प्रथम पूर्ण नावाचे लहान नाव करून घ्यावे व मग सर्व लहान नावांचे पूर्ण नाव करावे. दोन नियम एकाच आज्ञेत या क्रमाने दिले, म्हणजे ती कितीही वेळा दिली तरी फळ एकच राहते.

वाणाचे नाव वाचविण्यासाठीही अशीच युक्ती आहे. तणनाशक फवारताना रोपांवर जसे झाकण धरतात, तसे ‘पनवेल-’ या तुकड्यास प्रथम ‘##भात##’ अशा, कोठेही न आढळणाऱ्या, खुणेने झाकावे. मग हवा तो पालट करावा व शेवटी खूण काढून ‘पनवेल-’ पुन्हा बसवावे.

स्तंभांत मांडलेल्या याद्यांसंबंधी एक गोष्ट विशेष सांगावयास हवी. या दोन आज्ञा साध्या मजकुराच्या फायलींवरच चालतात. एक्सेलची फाईल आतून आवळून बांधलेली असल्याने ग्रेपला तीत काहीच सापडत नाही. ती सीएसव्ही स्वरूपात, तेही युटीएफ-८ हा प्रकार निवडून, वेगळी साठवावी. तो न निवडल्यास मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. सीएसव्ही फाईलमध्ये दोन स्तंभांतील सीमा स्वल्पविरामाने दर्शविली जाते. ‘खांदा वसाहत’ च्या जागी कोणी ‘खांदा कॉलनी, नवीन पनवेल’ असा स्वल्पविरामासह पत्ता घातला, तर त्या ओळीत एक स्तंभ वाढतो. पुढचे सर्व रकाने एकेक घर सरकतात, पिनकोडच्या जागी पत्ता येतो व खाते क्रमांकाच्या जागी दूरध्वनी क्रमांक. पडद्यावरील मजकूर वाचताना हे लक्षात येत नाही. यादी बँकेकडे गेल्यावरच कळते. यास्तव नव्या शब्दात स्वल्पविराम घालू नये, किंवा तो स्तंभ सर्व ओळींत दुहेरी अवतरणचिन्हांत बांधलेला आहे याची खात्री करून घ्यावी. तीच यादी पुन्हा एक्सेलमध्ये सरळ उघडल्यास खाते क्रमांकांच्या आरंभीची शून्ये गळतात, म्हणून तपासणी साध्या मजकुराच्या दर्शकात करावी.

पालट झाल्यावर जुनी व नवी फाईल ‘डिफ’ या आज्ञेने समोरासमोर ठेवावी:

डिफ पत्ते.सीएसव्ही.जुने पत्ते.सीएसव्ही

जेथे फरक आहे त्याच ओळी ती दाखविते. अपेक्षेपेक्षा एकही ओळ अधिक दिसली, तर ‘.जुने’ प्रतीचे नाव पूर्ववत करून काम नव्याने करावे. दुसऱ्यांदा तीच सेड आज्ञा देण्यापूर्वी ती प्रत दुसऱ्या नावाने अलग ठेवावी, कारण नवी ‘.जुने’ प्रत पहिलीच्या अंगावर लिहिली जाते व खरी मूळ प्रत हरवते. काम संपल्यावर या प्रती दप्तराच्या कप्प्यातून हलवून वेगळ्या कप्प्यात न्याव्यात. त्या तेथेच राहिल्या, तर पुढच्या वेळी ग्रेप त्यांतील जुनी नावेही शोधून काढते आणि झालेले काम अपुरे राहिले असा भास होतो.